ठमी काहून वाढत नाही

५ मार्च १९७९

यमुताईनं सांगितलं आहे, रोज चार ओळी लिहायच्या, नाही तं अक्षर पुन्हा गंजते. यमुताई म्हणजे आमच्या कॉलनीत बायांचा वर्ग घेते ती. मी लहानपणी दुसरीपर्यंत गेली होती, मंग धानाचं रोवणं आलं अन् पाटी राहून गेली. आता म्हातारपणी पुन्हा हातात घेतली. चुकलं तं चुकलं, कोण वाचून राहिलं!

तं मी गोपिका. रामटेकच्या पलीकडं आमचं गाव. जयाचे आजोबा, म्हणजे आमचे मालक, गेले, शेत पुतण्याच्या हवाली केलं, ढोरंही त्यालेच दिली, अन् आनंद मले खापरखेड्याले आपल्या क्वार्टरात घेऊन आला. आनंद माझा लेक, वीज बोर्डात आहे. सून प्रेमिला. नात जया, चौथीत. घर चांगलं आहे, नळ आहे, बटन दाबलं की उजेड. पण सकाळी उठून करावं काय? पापड वाळू घालावे तं वीजघराच्या चिमणीची राख येऊन बसते. जन्मभर ढोरांच्या मागं फिरली, आता हात मांडीवर ठेवून बसली की ते दुसऱ्याचेच हात वाटतात.

आज मोठी गोष्ट झाली. आनंदच्या संगं नायडू म्हणून एक फिटर होता, आंध्रातला. त्याच्या बायकोले इकडे करमेना, म्हणून मागच्याच महिन्यात तो गावाकडून एक गाय घेऊन आला. तरी करमेना. आता नोकरी सोडून दोघंही चालले. अन् जाता जाता ती गाय आनंदच्या गळ्यात टाकली! आनंद म्हणते, "मी काय करू माय, तो ऐकेचना. आता तूच पाहा तिच्याकडे."

भोळा आहे माझा लेक. कोणाले नाही म्हणता येत नाही. बरं झालं, मागच्या अंगणात त्यानं आधीच टिनाची पत्रं टाकून ठेवली होती. कोंबड्यांसाठी म्हणत होता. कोंबड्या काही आल्या नाही, गाय आली. दावंही नवं कोरं घरातच निघालं. कसं जुळून येते पाहा.

अन् गाय केवढी? मी काही उंच नाही. माझ्या लग्नात अंतरपाटाच्या वरून मी नवरदेवाले दिसेच ना, तवा मामानं पाटावर पाट ठेवून मले उभी केली होती. अशा माझ्या कमरेले ही गाय लागते! पांढरी, शिंगं बोटाएवढी, डोळे मात्र मोठे काळे. कालवड आहे बिचारी. मायचं दूध लवकर तुटलं असंन, म्हणून खुरटली. आता वाढवते मी हिले.

१४ मार्च

आज रंग झाला. जयानं गाईलेही गुलाल लावला. नाव ठेवलं ठमी.

ठमीचं खाणं असं: सकाळी सरकीची ढेप भिजवून, दुपारी तुरीचं कुटार, सांजच्याले कण्यांची पेज गूळ घालून. प्रेमिला म्हणते, "आत्याबाई, जयाच्या आधी तुम्ही तिचंच ताट वाढता." मी म्हटलं, जया बोलून मागते, हे मुकं लेकरू आहे.

शेजारचे भैयाजी, ज्यांचं कॉलनीत किराणा दुकान आहे, ते कुंपणावरून डोकावले. "काय वं आजी, गाय आणली का बकरी?"

मी म्हटलं, "दूध देईन तवा या लोटा घेऊन, मंग सांगते."

"देईन कधी? अशा खुरट्या ढोराले कोण ठेवते? गोरक्षणात देऊन टाका, पुण्य लागंन."

मोठा पुण्य वाटणारा आला! त्याच्या तराजूकडे पाहावं लागते आमाले.

मागच्या दाराच्या चौकटीवर प्रेमिला कोळशानं जयाची उंची मांडते. त्याच्या खालीच मी ठमीची खूण केली. दोघी पोरींची वाढ एकाच जागी दिसंन.

१२ एप्रिल

ठमी बोटभरही वाढली नाही. पोट तेवढं वाढून राहिलं. मले वाटते जंत असतील. कडुनिंबाचा पाला खाऊ घातला.

जयाही वाढली नाही. प्रेमिलाच्या जिवाले घोर लागला आहे. वर्गात सगळ्यात लहान, प्रार्थनेले सगळ्यात पुढं उभी करतात. तिच्यासाठी माशाच्या तेलाचं टॉनिक आणलं, वास असा की मांजर येऊन बसते. पण पोट्टी गुणाची, चमचा भरून घेते अन् तशीच पळत मागं जाते, ठमीच्या पाण्याची बादली स्वतः भरून देते. आधी कधी बादलीले हात लावत नव्हती. बाटली पाहता पाहता अर्धी झाली. प्रेमिला खूश आहे.

ठमीच्या अंगावर अशी चमक आली आहे की हात फिरवला तं घसरते. कडुनिंबाचा गुण.

२८ एप्रिल

आज जयाले घेऊन शहरातल्या सदर बाजाराले गेलो. तिथं लेकरांचा मोठा डॉक्टर आहे म्हणतात. प्रेमिला, जया अन् मी. मी काहून गेली? बाजार पाहायले. सदरची दुकानं म्हणजे काय विचारता, काचेच्या आत साड्या नेसवलेल्या बाया उभ्या. मी एकीले "जरा सरक वं माय" म्हटलं तं जया हसून हसून खालीच बसली.

डॉक्टरनं जयाले तपासलं. दात पाहिले, गुडघे पाहिले, पळायले लावलं. प्रेमिलाले विचारलं, "जेवते का? खेळते का? बाप केवढा आहे?" बाप बरा उंच आहे, आपल्या बाबावर गेला. मंग डॉक्टरची नजर माझ्यावर गेली. म्हणे, "आजी, तुम्ही जरा उभ्या राहता का?"

मी म्हटलं, "उभीच आहे बाप्पा."

तं तो हसायले लागला! पेन खिशात घातला अन् प्रेमिलाले म्हणे, "बाई, घरी जा, पोरीले टॉनिक वगैरे काही देऊ नका." औषधाची चिठ्ठी नाही, काही नाही. असा डॉक्टर काय कामाचा? अन् मले पाहून हसला काहून? पदर तं बरोबर होता माझा. येताना संत्र्याची बर्फी घेतली, ती चांगली होती.

२० मे

आज जे झालं ते लिहायले हात उठत नाही, पण लिहिते.

ढोरांचे डॉक्टर आले होते, शालिकराम नावाचे, तरुण आहेत. घटसर्पाची लस टोचायले दर उन्हाळ्यात कॉलनीत येतात म्हणे. ठमीले पाहून थबकले. म्हणे, "आजी, ही केवढी आहे?"

"वरीस-दीड वरसाची असंन. वाढून राहिली हळूहळू."

त्यानं तिचं तोंड उघडलं. मले हाक मारली. "आजी, मोजा."

बाई वं! पुरे आठ मोठे दात एका ओळीत, दुधाचा एकही नाही. दात जुळलेली, पुऱ्या वाढीची गाय! पाच वरसाची तरी असंन. जिले मी बाळ बाळ म्हणून पेज पाजून राहिली, ती माझ्या सुनेच्या बरोबरीची बाई निघाली.

आता कोणी म्हणंन, गोपिका, जन्म ढोरांत गेला तुझा, दात नाही पाहिले? नाही पाहिले. दात पाहणं गड्यांचं काम, बाजारातलं. आमच्याकडे बाया शेण काढतात, दूध काढतात, अडलेली गाय सोडवतात, पण तोंड उघडते तो विकत घेणारा. अन् हिले तं कोणी विकत घेतलंच नव्हतं, मंग पाहीन कोण? मी असं म्हटलं तं आनंद खाली मान घालून दाव्याची गाठ पाहत उभा राहिला. त्यालेही वाईट वाटलं असंन.

मंग डॉक्टरनं तिच्या कुशीले मूठ दाबून पाहिली. म्हणे, "जंत नाही आजी. गाभण आहे. आठवा महिना असंन. नायडूकडं येण्याच्या आधीचीच."

मले तं आभाळ ठेंगणं झालं. पण डॉक्टर हसला नाही. ओट्यावर बसला अन् मले नीट समजावून सांगितलं. म्हणे, लहान गाय तीन तऱ्हेची राहते. एक, जन्मतःच अंगात खोड असलेली. तिचं डोकं मोठं, कपाळ पुढं आलेलं, पाय आखूड अन् वाकडे, श्वास घेताना घरघर. ठमी तशी नाही, सगळं मापात आहे. दुसरी, उपाशी राहून खुरटलेली. तिचं अंग लहान राहते, पण डोकं अन् खुरं मोठ्या गाईचेच राहतात. अन् तिसरी, जिचा वाणच लहान. माय लहान, बाप लहान, पिल्लूही लहान. चित्तूरकडे पुंगनूर नावाच्या अशा गाई असतात, त्यानं पुस्तकात वाचलं आहे, डोळ्यांनी पाहिल्या नाही.

"मंग ठमी तिसरीच आहे!" मी म्हटलं.

"खुरं लहान तं दिसतात. पण आजी, मी अशी दुसरी पाहिलीच नाही, ताडून कशाशी पाहू? हिची माय कशी होती ते नायडूच सांगंन, अन् तो गेला. खुरटलेली असंन तं पोटातलं पिल्लू मोठ्या वाणाचं राहीन. अन् एवढ्याशा गाईतून मोठं पिल्लू निघत नाही. दोघंही जातात." जाता जाता म्हणे, "ढेप बंद करा. खाऊ घालून घालून पोटातलं अजून मोठं करून राहिल्या तुम्ही."

२१ मे

जेवली नाही. ढेपेचं पोतं कोपऱ्यात आहे, त्याच्याकडं पाहवत नाही.

ठमी सकाळी माझ्याकडं पाहून हंबरली, पेज मागते म्हणून. मी पाठ फिरवून कपडे वाळू घातले. वाळलेलेच होते.

३ जून

विचार करून करून एक गोष्ट आठवली. जयाचे आजोबा होते तवा सरकारी बुटकं धान पहिल्यांदा गावात आलं. सारं गाव हसलं. गुडघ्याएवढं धान, हे काय पिकंन, म्हणे रोग पडला. जयाचे आजोबाही म्हणाले, उपटून टाकू. मी म्हटलं थांबा, लोंबी तं येऊ द्या. लोंबी आली अन् हातात घेतली तं दाण्यानं टच्च भरलेली. रोगट धानाची लोंबी पोचट राहते, बुटक्या वाणाची भरलेली. उंचीवरून काही समजत नाही.

पण धानाची लोंबी यायले जीव नाही जात कोणाचा.

प्रेमिला आज दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. ठमीची पाठ खाजवत म्हणे, "आत्याबाई, काही होणार नाही हिले." शेणाच्या वासानं नाक दाबणारी माझी सून!

१७ जून

ठमी चालते बरी. श्वास साफ आहे, मी तिच्या नाकापाशी कान लावून ऐकते. भैयाजीनं पाहिलं तं म्हणे, "काय सांगून राहिली गाय?" मी म्हटलं, "तुमच्या दुकानातल्या डाळीत खडे फार आहेत म्हणते."

आनंद मात्र सुकला आहे. ड्युटीवरून आला की सरळ ठमीच्या कोठ्यात जाते, मंग चहा. आज म्हणे, "माय, घेताना मी नायडूले एवढं विचारलंच नाही वं. तिची माय केवढी, बाप केवढा. मले वाटलं, लहान आहे तं तुले झेपंन."

घेताना म्हणते! गळ्यात टाकली होती ना? जिवाले घोर लागला की माणूस काही बोलते. मी म्हटलं, "तुझा काय दोष बाबू. तू थोडी आणली?" तं उठून बाहेरच गेला.

१२ जुलै

लिहिते, सगळं लिहिते.

कालपासून एकच गलका, स्कायलॅब पडणार. अमेरिकेचं आभाळातलं घर आहे म्हणे, ते सुटलं अन् कुठंही पडंन. भैयाजीनं दुकान लवकर बंद केलं अन् पोतीच्या पोती डोक्यावरच्या माळ्यावर रचली. जसं काही तांदूळ ते झेलणार आहे! मी जयाले म्हटलं, पडंन तं पडो, मले कोठ्यात काम आहे. ठमीची कास काल दुपारीच भरली होती, शेपटीजवळची हाडं खचली होती.

आज उजाडलं तशी ती उठबस करायले लागली. आनंदची ड्युटी होती, गेला नाही. सायकल घेऊन डॉक्टरले आणायले पळाला. मी हात धुतले, पदर खोचला. प्रेमिला म्हणे, "मी काय करू?" मी म्हटलं, "तिच्या तोंडापाशी बस अन् बोलत राहा." ती काय बोलली ठाऊक आहे? जयाच्या वेळचं. "मलेही असंच झालं होतं वं ठमे, होते, सुटते." ऐकून मले रडूच आलं.

ठमी आडवी पडली. कण्हे अन् माझ्याकडं पाहे. मी मनात म्हटलं, रामराया, गडावर तू उंच बसला आहे, आम्ही बुटकी माणसं तुले दिसत नसू, पण आज जरा खाली वाकून पाहा.

मंग पाय आला.

मी खूर पाहिलं. मोठ्या सुपारीएवढं. पिवळं, मऊ, इवलंसं. दुसरंही तेवढंच. अन् तिथंच मले समजलं. पिल्लू अजून आत होतं, पण मी ओरडली, "वाणच आहे वं प्रेमिला! लोंबी भरली!" ती बिचारी काय समजणार, तिले वाटलं सासूचं डोकं फिरलं.

दोन कळा अन् सुळ्ळकन बाहेर. मले हातही लावावा लागला नाही. गोऱ्हा! पांढराशुभ्र, जयाच्या दप्तराएवढा. पाय सरळ, कपाळ चपटं, सगळं मापात. ठमीनं चाटून चाटून त्याले उभं केलं तं पडला, पुन्हा उभा राहिला अन् बरोबर कासेले लागला.

आनंद अन् डॉक्टर आले तवा आम्ही तिघी ओट्यावर बसून चहा पिऊन राहिलो होतो. आनंदनं सायकल टाकूनच दिली. आधी ठमीच्या गळ्याले मिठी मारली, मंग माझ्या. एवढा मोठा माणूस, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

डॉक्टरनं गोऱ्ह्याले दोन हातांवर उचललं, असं हलकं. म्हणे, "आजी, आता मी डोळ्यांनी पाहिली."

रेडिओवर सांगितलं, स्कायलॅब तिकडे ऑस्ट्रेलियाकडं पडलं. जया म्हणे, एक आपल्याकडंही पडलं. म्हणून गोऱ्ह्याचं नाव स्कायलॅब. मले म्हणता येत नाही, मी स्काळ्या म्हणते.

१९ जुलै

भैयाजीले तिसऱ्याच दिवशी लोटा भरून चीक पाठवला होता. खरवस करून खाल्ला असंन. आज डाळीत खडे नव्हते.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला, आज तान्हा पोळा. आमच्याकडं मोठ्या बैलांच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा राहते. लाकडाचे बैल, चाकं लावलेले, सजवून लेकरं मैदानात आणतात, मंग घरोघरी बोजारा मागत फिरतात. कोणी चार आणे देते, कोणी लाडू. जयाचा लाकडी बैल मागल्या वरसाचाच, एक चाक तुटलेलं. म्हणे, मी तो नाही नेत.

मैदानात तोरणाखाली बैलांच्या रांगा लागल्या. भैयाजी कमिटीचे, हातात माइक. बक्षीस कोणत्या बैलाले द्यावं म्हणून वाकून वाकून पाहत येऊन राहिले. जयासमोर थांबले. पांढरा बैल, कपाळाले बाशिंग, पाठीवर झूल, प्रेमिलाच्या जुन्या जरीच्या साडीची.

"लाकूड चांगलं आहे," भैयाजी म्हणे. "पण चाकं काहून नाही लावली?" अन् खाली वाकले. स्काळ्यानं त्यांचा कान चाटला.

मैदानात असा हशा झाला की तोरण हललं. भैयाजीचा माइक पडला. उचलून म्हणे, "नियम आहे, लाकडाचाच पाहिजे!" तवा स्काळ्या त्यांच्या चपलेवर मुतला अन् नियमाचा निकाल लागला. बक्षीस नाही दिलं, पण बोजारा सगळ्यांच्या दुप्पट मिळाला, एक त्याचा, एक जयाचा.

भैयाजी मोठ्या मनाचे आहेत, मी उगाच बोलते त्यांना. माइकमध्येच विचारलं, "आजी, हा केवढा होईन?"

मी गर्दीतून पुढं आली. स्काळ्याच्या बाजूले जया, जयाच्या बाजूले मी. म्हटलं, "आपल्या मायएवढा, भैयाजी. वाणच लहान आहे त्याचा. तब्येतीनं एकदम ठणठणीत."

"अन् ही पोट्टी केवढी होईन?"

"ते मले काय माहीत! सदरच्या डॉक्टरले विचारा, त्यानं तं काही सांगितलंच नाही."

पुन्हा सगळे हसले. आता यात हसण्यासारखं काय होतं? प्रेमिला तं अशी हसली की डोळ्यांतून पाणी यायले लागलं, अन् जयाले उचलून कडेवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीले.

घरी आल्यावर तिनं मागच्या दाराची चौकट धुवायले काढली. गणपती येऊन राहिले, ठीक आहे, पण उंचीच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या. मी म्हटलं, "काहून वं?" म्हणे, "आता राहू द्या आत्याबाई, मोजून काय करायचं." ठमीची खूण तेवढी मी पुसू दिली नाही. तिथं हात टेकवून मले ओट्यावर चढायले बरं पडते.

सांजच्याले धार काढत होती तं आनंद येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला. मंग म्हणे, "माय, स्काळ्याले पुढं जोडी लागंन त्याच्याच वाणाची. तिकडं चित्तूरकडं अजून कोणी एखादी कालवड गळ्यात टाकत असंन तं?"

मी म्हटलं, "फुकट टाकत असंन तं टाकू दे. पण या वेळी दात पाहून घे."

हसला. आता अंगणात ठोकठोक चालू आहे. टिनाची दोन पत्रं नवी आणली आहेत. कोंबड्यांसाठी म्हणते.